पूर्ण संचय पातळी

अर्जदार : राजेशम नरसय्या कोडम, वय एकाहत्तर.
काम : गॅरेज, दहा बाय अठरा, वर पत्रा.
जागा : हिप्परग्याच्या तळ्याकाठी. पूर्वेची हद्द, पाणी.
नकाशावर निळ्या शाईत तेवढंच लिहिलंय, पाणी,
जशी एखाद्या शेजाऱ्याची सही.

मेच्या बावीस तारखेला मी जागेवर गेले तेव्हा
शेजारी घरी नव्हता.
काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा,
शिंपल्यांचा चुरा, उलटी पडलेली एक चप्पल,
आणि पार तिकडे, मधोमध,
म्हशींच्या पाठीपुरतं उरलेलं पाणी.

"मोजा," कोडम म्हणाले, "कुठूनही मोजा.
टेप संपेल, पाणी यायचं नाही."
मग गाडीवरची ताडपत्री ओढून दाखवली.
टपावरचा रंग कांद्यासारखा सुटत होता.
"चाळीस वर्षं माग चालवला, मॅडम,
अख्ख्या गावाच्या अंगावर चादरी घातल्या.
या एका वस्तूवर पांघरूण घालायचं राहिलंय."
मला हसू आलं. ते मी वहीत नोंदवलं नाही.

नियम म्हणतो, पूर्ण संचय पातळीपासून तीस मीटर सोडा.
पातळी म्हणजे पाणी नव्हे.
पाणी एकदा जिथवर येऊन गेलं ती आठवण,
आणि आठवणीवर खात्यानं रोवलेला दगड.
दगड जागेवर नव्हता.
टेपचं दुसरं टोक धरून इलाही उन्हात उभा :
बाभळीपासून धरलं तर एकतीस वीस,
खड्ड्यापासून धरलं तर सत्तावीस.
चार मीटरमध्ये एक अख्खी गाडी मावते.

चहा मागच्या दारी मिळाला.
भूलक्ष्मीबाई मोरीपाशी टॉवेल पिळत होत्या,
वाक्य मराठीत सुरू करून तेलुगूत संपवत.
स्वयंपाकघराला खिडकी एकच, पूर्वेला.
मी नकाशा मनात उघडला :
दहा बाय अठरा नेमकं तिच्या तोंडासमोर उभं होतं.
"थंडीत पक्षी येतात," त्या म्हणाल्या,
"भाकरी थापताना त्यांचे पाय दिसतात. एवढंच."
मग आवाज खाली आणून :
"तुम्हाला नाही म्हणता येतं का हो?
मला नाही येत."

अर्जात अर्जदाराचा रकाना आहे,
शेजाऱ्यांच्या हरकतींना तर दोन पानं आहेत.
भाकरी थापणाऱ्या माणसाला कुठे बसवायचं?

कप खाली ठेवताना दिसला
धुण्याचा दगड. चौकोनी, घडीव,
साबणाच्या थराखाली झिजलेला एक बाण
आणि दोन आकडे.
"हा कुठला?"
"सासूबाईंनी आणवलेला. तिथून."
ओल्या हातानं त्यांनी दाखवलं,
बाभळीच्या अलीकडे, खड्ड्याच्याही अलीकडे,
जिथे दाखवायला हवं होतं बरोबर तिथे.

मी दोनदा विचारायला हवं होतं.
एकदाच विचारलं.

टिप्पणी सादर :
हद्दीचा दगड मूळ जागी आढळून आला नाही.
स्थानिक चौकशीअंती मूळ जागा
प्रस्तावित बांधकामापासून चोवीस मीटरवर असल्याचे समजते.
सबब, शिफारस नाही.
रस्त्याकडील, पश्चिम बाजूस जागा उपलब्ध आहे.

'स्थानिक' या शब्दापाशी पेन जरा थांबलं होतं.
शाईचा ठिपका आहे तिथे. कुणी विचारलं नाही.

जूनमध्ये कोडम आले, उभ्यानंच भांडले,
तुमचा दगड, तुमचं खातं, तुमचं न आलेलं पाणी.
दारातून मात्र परत वळले.
"घरी म्हणते, मॅडमचं बरोबर आहे.
पन्नास वर्षांत तिनं कुणाला बरोबर म्हटलेलं नाही."
आणि माझ्याकडे बघत राहिले,
कापडात धागा नेमका कुठे तुटला
ते बोटानं चाचपावं, तसे.

मी शिक्का शोधायला खण उघडला.